तोच श्वास पुन्हा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'नौदलातील माझे अनुभव'. आपल्या जिल्ह्यात फौजेतून परतलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि अनुभव सगळ्यांकडेच असतात. म्हणून मी आज एकाच यंत्राबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव क्लोज्ड सर्किट रीब्रीदर. हे पाठीवर घेऊन मी बरीच वर्षं पाण्याखाली गेलो, आणि निवृत्तीनंतर गोव्यात अशाच यंत्रांची देखभाल करतो. नौदलात आम्ही कोणत्या बनावटीचं वापरायचो, किती खोल जायचो, हे मात्र विचारू नका. ते मी घरीही सांगितलेलं नाही.

आधी एक गैरसमज काढतो. मी पाणबुडीवर कधीच नव्हतो. मी पाणबुड्या. पाणबुडीत माणूस कोरडा राहतो, पाणबुड्या भिजतो. गेली तीस वर्षं गावी आलो की कुणी ना कुणी विचारतंच, "पाणबुडीत जेवायला काय देतात रे?"

आपल्यापैकी पुष्कळ जण तारकर्ली-मालवणला जाऊन स्कूबा करून आलेत. फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पाहिलेत. फोटोत डोक्यावरून बुडबुड्यांची माळ वर जाताना दिसते. ती माळ म्हणजे वाया गेलेला ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो 16-17 टक्के उरलेलाच असतो, आणि साधारण 4 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. म्हणजे आत घेतलेल्या ऑक्सिजनचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा शरीर वापरतं. बाकीचा परत.

पाण्याखाली ही उधळपट्टी वाढते. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून तिथे एका श्वासाला चौपट हवा लागते. आता आपल्या गणिताच्या सरांच्या पद्धतीने फळ्यावर मांडतो. 12 लिटरचा सिलिंडर 200 बारला भरला, की त्यात 2400 लिटर हवा. हातपाय हलवणारा माणूस वर मिनिटाला 20 लिटर हवा घेतो असं धरा. तीस मीटरवर 80. भागाकार केला तर तीस मिनिटं, आणि त्यात परत येण्यासाठीची शिल्लकही आली. पण शरीराला लागणारा ऑक्सिजन? तो खोलीबरोबर बदलत नाही. पोहताना मिनिटाला एक-दीड लिटर, वर असो की खाली. तेवढाच पुरवायचा ठरवला, तर 2 लिटरच्या छोट्या सिलिंडरमधला 400 लिटर ऑक्सिजन चार तासांपेक्षा जास्त पुरतो. रीब्रीदर या हिशेबावर चालतो.

श्वास बाहेर टाकायचाच नाही. तो एका नळीतून पिशवीत घ्यायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा, खर्च झाला तेवढा ऑक्सिजन घालायचा, आणि दुसऱ्या नळीतून तोच श्वास परत घ्यायचा. तोंडाशी पातळ रबराच्या दोन झडपा असतात. एक फक्त आत येऊ देते, दुसरी फक्त बाहेर जाऊ देते. त्यामुळे हवा गोल एकाच दिशेने फिरते. बुडबुडे नाहीत, आवाज नाही. मासे अगदी जवळ येतात. आणि सुरुंगाजवळ काम करणाऱ्याला किंवा शत्रूच्या बंदरात शिरणाऱ्याला याचा उपयोग काय, ते वेगळं सांगायला नको. 19 डिसेंबर 1941 च्या पहाटे अलेक्झांड्रियाच्या बंदरात सहा इटालियन पाणबुड्यांनी अशीच यंत्रं लावून ब्रिटिशांच्या 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलियंट' या दोन युद्धनौका निकामी केल्या. आपल्याकडे नौदलाची पाणबुड्यांची शाळा कोचीला आहे, आणि मरीन कमांडो दल 1987 पासूनचं.

कार्बन डायऑक्साइड काढायचा कसा? आठवीत विज्ञानाच्या तासाला आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली होती, आणि निवळी दुधासारखी झाली होती. तेच. फक्त इथे निवळीऐवजी दाणेदार चुना असतो, सोडा लाइम. मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडा कॉस्टिक सोडा आणि पंधरा-वीस टक्के पाणी. हा डबा समोरच्या रांगेत देतो, हातोहात मागे जाऊ दे. रिकामाच आहे. यात पांढरे दाणे भरायचे, त्यातून श्वास जाताना कार्बन डायऑक्साइड अडकतो, उष्णता निघते, पाणी सुटतं. डबा हाताला गरम लागतो. आपल्या वर्गातला भूलतज्ज्ञ झालेला मित्र मागे बसून हसतोय, कारण त्याच्या भुलीच्या यंत्रावर हाच चुना रोज असतो. फरक एवढाच की त्याचा रुग्ण झोपलेला असतो आणि लक्ष ठेवायला तो जागा असतो. आमच्याकडे रुग्णही मीच आणि डॉक्टरही मीच.

इचलकरंजीकरांना आवडेल असा इतिहास याला आहे. हेन्री फ्ल्यूस नावाच्या इंग्रज खलाशाने 1878 च्या सुमारास पहिलं चालणारं यंत्र केलं. त्यात चुना नव्हता. दोरखंडाचं सूत पिंजून ते कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेलं होतं, आणि श्वासाची पिशवी रबर लावलेल्या कापडाची. म्हणजे सूत आणि कापडच. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणत होते, तो पाण्याने भरला. पाणी उपसायचं तर बोगद्याच्या आत सुमारे हजार फुटांवर उघडं राहिलेलं लोखंडी दार बंद करणं भाग होतं. नेहमीच्या पाणबुड्याला वरून हवेची नळी लागते. एवढी लांब नळी ओढत नेता येईना. नोव्हेंबर 1880 मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या फ्ल्यूसचं यंत्र लावून काळोखात चालत गेला आणि दार लावून आला. जवळ एक झडपही फिरवून बंद करायची होती, तीही त्याने सांगितल्याप्रमाणे फिरवली. पुढे पाणी उतरल्यावर कळलं की त्या झडपेचे आटे उलटे होते. ती आधीच बंद होती, त्याने फिरवून उघडली! आपल्याकडचा कोणताही जॉबर ही गोष्ट ऐकून मान डोलावेल.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या यंत्राची भीती कशाची? पाण्याची नाही, माशांची नाही. भीती याची की ऑक्सिजन कमी पडला तर शरीर सांगत नाही.

श्वास कोंडल्यावर आपण तडफडतो, ती तडफड ऑक्सिजन कमी झाल्याची नसते. ती कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. रीब्रीदरमध्ये चुना कार्बन डायऑक्साइड काढून टाकत असतो, म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवलेली असते. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद राहिला, तर माणूस शांतपणे श्वास घेत राहतो. छाती हलते, पिशवी फुगते, मिटते. दम लागत नाही. थोडं हलकं वाटतं, बरंही वाटतं. मग शुद्ध जाते.

एका सरावात माझ्या जोडीदाराचं असं झालेलं मी पाहिलं. दहा मीटरवर होतो, काम संपलं, वर यायला लागलो. पिशवीतला ऑक्सिजन घटून दहा टक्क्यांच्या आसपास आला असावा. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून तो दहा टक्के वीससारखा काम करत होता आणि गडी ठणठणीत होता. वर येताना दाब उतरला तसा तोच दहा टक्के खरोखर दहा झाला. पृष्ठभागाला दोन हात उरले असताना त्याचे डोळे उघडे, हात सैल. आम्हां दोघांत दोर होता म्हणून तो लगेच वर आला, माउथपीस काढला, दोन मिनिटांत बोलायला लागला. त्याचा पहिला प्रश्न होता, "का वर आणलंस?" तो वाद घालत होता की आपल्याला काहीच झालं नव्हतं. त्याच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला होता यावर नंतर बरीच चौकशी झाली. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. पाण्यात उतरण्याआधी तो व्हॉल्व्ह हाताने फिरवून, मोठ्याने बोलून, जोडीदारासमोर तपासला गेला असता, तर बंद कुणी केला याला काही अर्थच उरला नसता.

आपल्या गावातला साधा मागसुद्धा बाण्याचा धागा तुटला की थांबतो. त्याला तसं कळावं अशी सोय करून ठेवलेली आहे. आपल्या मेंदूला ऑक्सिजनच्या बाबतीत भरवशाची अशी सोय नाही. म्हणून यंत्राला डोळे द्यावे लागतात, आणि त्या डोळ्यांकडे माणसाने मिनिटामिनिटाला पाहावं लागतं.

इथे जरा पाण्याबाहेर येतो, कारण हे सगळ्यांच्या कामाचं आहे. जुनी बंद विहीर, गटाराचं चेंबर, सेप्टिक टँक, प्रोसेसच्या सांडपाण्याची टाकी. यात उतरलेला माणूस असाच, ओरडायची संधी न मिळता पडतो. कधी ऑक्सिजन नसतो, कधी विषारी वायू असतो, बहुधा दोन्ही. आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आपल्यापैकी कित्येकांचे कारखाने आहेत. माणसाने गटारात आणि टाकीत उतरून मैला साफ करण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहेच, पण कायदा बाजूला ठेवा. वर वायू मोजल्याशिवाय आणि बाहेरून दोर धरल्याशिवाय आपल्या आवारात कुणालाही कोणत्याही टाकीत उतरू देऊ नका. नाकाला रुमाल बांधून काहीही होत नाही.

परत यंत्राकडे. ऑक्सिजन कमी झाला तर शुद्ध जाते, जास्त झाला तर झटके येतात. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा वागू लागतो. जे. बी. एस. हाल्डेन हे शास्त्रज्ञ पुढे 1957 मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांनी हे प्रयोग स्वतःवर केले होते. 1939 मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून 99 माणसं गेली, त्यानंतर बंद जागेत श्वासाचं काय होतं याचा ते कोठडीत बसून अभ्यास करत होते. ऑक्सिजनच्या एका झटक्यात त्यांच्या मणक्याला इजा झाली.

म्हणून खोल जाणाऱ्या यंत्रात ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर असतात. हा एक जुना, मुदत संपलेला सेन्सर बघा, लहान डबीएवढा आहे. आत एक रासायनिक घट असतो, अगदी टॉर्चच्या सेलसारखा, फक्त तो ऑक्सिजन मिळेल तेवढीच वीज देतो. हवेत साधारण दहा मिलिव्होल्ट, शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याच्या जवळपास पाचपट. म्हातारा झाला की पाचपटीपर्यंत पोहोचत नाही. तिथे तो फसवतो. ऑक्सिजन वाढत असतो आणि हा एका आकड्याच्या पुढे जात नाही, यंत्राला वाटतं अजून कमी आहे, आणि ते आणखी ऑक्सिजन सोडत राहतं. तीन सेन्सर असल्याने एक चुकला तर दोघांचं ऐकायचं, अशी यंत्राची पंचायत असते. पण तिघेही एकाच दिवशी विकत घेतले असतील तर तिघेही एकदमच म्हातारे होतात, आणि पंचायत एकमताने चुकते. म्हणून मी ते वेगवेगळ्या महिन्यांत बदलतो आणि प्रत्येकावर तारीख लिहितो. वर्ष-दीड वर्षाने चालू असला तरी फेकायचा. महाग असतात, ग्राहक कुरकुरतो. "अजून दाखवतोय की!" असं म्हणतो. मी तो सरळ हातोडीने फोडून परत देतो, म्हणजे पुन्हा वापरायचा मोह नको.

पाण्यात असताना सेन्सर खरं बोलतोय का हे तपासायची सोपी युक्ती आहे. दहा मीटरवर थांबून पूर्ण पिशवी साध्या हवेने धुवून काढायची. तिथे दाब दोन, हवेतला ऑक्सिजन 0.21, म्हणजे आकडा 0.42 यायला हवा. नाही आला तर यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, कमरेच्या वेगळ्या सिलिंडरवर यायचं आणि वर निघायचं. तो वेगळा सिलिंडर नसेल तर माझ्या दुकानातून मी कुणाला यंत्र नेऊ देत नाही.

चुन्याच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त आळस करतात. डबा भरताना दाणे ओतायचे, बाजूने टिचक्या मारत बसवायचे, परत ओतायचे. बायका डब्यात पोहे किंवा रवा भरताना डबा आपटून बसवतात, अगदी तसंच. सैल राहिले तर श्वासाला चोरवाट सापडते. तो दाण्यांना न भेटता निसटतो आणि कार्बन डायऑक्साइड तसाच परत येतो. डब्यावर चिकटपट्टी लावायची, त्यावर भरल्याची तारीख आणि वापरलेली मिनिटं लिहायची. वापरलेला चुना दिसायला नव्यासारखाच दिसतो. रंग बदलणारा चुना मिळतो, पण तो ठेवून दिला की रंग परत येतो, म्हणून रंगावर जायचं नाही. अर्धा वापरलेला चुना ताटात पसरून, वाळवून परत भरणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांना मी कुरडया करायला सांगतो.

आणि कार्बन डायऑक्साइडचा त्रास झाला, तर ती सुटका सोपी नसते. धाप इतकी लागते की तोंडातला माउथपीस सेकंदभर काढून दुसरा घालायचं धैर्य होत नाही. डेव्ह शॉ हा ऑस्ट्रेलियन वैमानिक. म्हणजे तपासणीची यादी वाचल्याशिवाय विमान न हलवणाऱ्या जमातीतला माणूस. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या खोल डोहात 1994 मध्ये बुडालेल्या एका तरुणाचा मृतदेह काढायला तो 8 जानेवारी 2005 रोजी 270 मीटर खाली गेला. तिथे मृतदेह पिशवीत घालताना दोर अडकला, श्रम वाढले. त्या खोलीवर श्वासातला वायू इतका दाट होतो की कितीही जोरात श्वास घेतला तरी कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर पडत नाही. जितकं झगडावं तितका तो वाढतो. डोक्यावरच्या कॅमेऱ्यात त्याच्या श्वासाचा वेग ऐकू येतो. तो परत आला नाही. चार दिवसांनी दोर ओढताना दोघांचे मृतदेह एकत्र वर आले. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे सांगतो, आणि सांगतो की धाप लागायला सुरुवात झाली, की काम सोडायचं. तेव्हाच. आणखी दोन मिनिटांनी सोडता येत नाही.

उतरण्याआधीच्या तपासण्यांत दोन मला सगळ्यांत प्रिय आहेत. नळ्यांमधली हवा तोंडाने ओढून घ्यायची, नळ्या चिपकल्या की तोंड बंद करून पाहायचं. पोकळी टिकते का? मग उलट, फुगवून ठेवायचं, उतरतं का? टायरचं पंक्चर काढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. त्यानंतर काठावर बसून पाच मिनिटं यंत्रावर श्वास घ्यायचा, डोळे आकड्यांवर. यातून ऑक्सिजन सुरू आहे हे समजतं. चुना चांगला आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, म्हणून त्याचा भरवसा चिकटपट्टीवरच्या तारखेवर. ही सगळी यादी कागदावर असते आणि मी ती आजही वाचून करतो. पाठ आहे. तरी वाचून.

एक सूचना खास आपल्या गावासाठी. आपल्याकडे काहीही अडलं की तेलाची कुपी पुढे येते. माग अडला, तेल. कुलूप अडलं, तेल. ऑक्सिजनच्या सिलिंडरला, त्याच्या आट्यांना, किल्लीला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही, आग लागते. त्यासाठी ऑक्सिजनला चालणारं वेगळं वंगण मिळतं, तेही ओ-रिंगला बोटाने पुसटसं. करोनाच्या वेळी घरोघरी सिलिंडर आले होते, काहींच्या घरी आजही म्हाताऱ्यांसाठी आहेत. तिथेही हाच नियम.

वर आल्यावरचं काम कुणालाच आवडत नाही. माणूस दमलेला असतो, ओला असतो, भुकेला असतो. पण नळ्यांमध्ये तासन्‌तास श्वासाची वाफ आणि थुंकी फिरलेली असते, आणि आपल्या कोकण-गोव्याच्या दमट हवेत त्यात रातोरात बुरशी धरते. दुसऱ्या दिवशी तीच बुरशी फुप्फुसात ओढायची. म्हणून आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, नळ्या आणि पिशव्या जंतुनाशकात बुडवायच्या, पुन्हा धुवायच्या, सावलीत उलट्या टांगायच्या. झडपांची रबरं काढून उजेडात धरून पाहायची. एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला तरी झडप मिटत नाही आणि श्वास उलटा फिरतो. चुना ओला झाला असेल तर लगेच टाकायचा. त्या पाण्याचा थेंब घशात गेला तर तोंड, घसा भाजतो. तसं झालं तर गिळायचं नाही, थुंकून गोड्या पाण्याने चुळा भरत राहायचं. सगळं वाळल्यावर वहीत लिहायचं. किती मिनिटं, किती खोल, कोणता सेन्सर किती दाखवत होता, काय बदललं. माझ्या दुकानात अशा वह्यांचं एक कपाट भरलंय.

हे सगळं उरकायला तास-दीड तास जातो, आणि आमच्यात रीत अशी की यंत्र टांगल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही. इथे तर मी तुम्हा सगळ्यांचं ताट अडवून उभा आहे, आणि स्वयंपाकघरातून संयोजक दोनदा डोकावून गेलेत. डबा कुठल्या रांगेत पोहोचलाय? जेवून झाल्यावर तो माझ्याकडे परत द्या, सोमवारी मला तो भरायचा आहे.